दोन ‘असू दे’

पद्मजा मगदूमला काय मिळणार होतं ते आधी बघू, म्हणजे नंतर तिला कोणी मूर्ख म्हणायला नको.

दिवसाचे पाच तास, सकाळी दहा ते दुपारी तीन. मिरजेतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेतली तिची जुनी खुर्ची, खिडकीला पाठ करून ठेवलेली. डब्याच्या वेळी अशा माणसांची संगत, ज्यांना ‘नीट चाव’ म्हणून सांगावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलीवर एकदाही न ओरडता मावळणारा दिवस. एवढ्या सगळ्याच्या बदल्यात तिने द्यायचं होतं चाळीस तासांचं बोलणं. बोलणं तर ती तीन वर्षं तसंही देतच होती, आणि ते कोणी घेत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी तिची मुलगी निर्जरा पहिलीत होती. घरी या पोरीची टकळी अशी की गॅसवरचं दूध उतू गेलेलं कळू नये. पण शाळेच्या फाटकात पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. बालवाडीपासून दोन वर्षांत तिने शाळेत एक अक्षर काढलं नव्हतं. बाईंनी लाडू देऊन बघितला, रागावून बघितलं, शेवटी नाद सोडला. डॉक्टरांनी याला नाव दिलं, निवडक मूकपणा. घरच्यांच्यात बोलते, परक्यांत नाही. भीती आहे, हट्ट नाही. एके दिवशी लघवीला जाऊ का, हे विचारता न आल्यामुळे निर्जरा चार तास तशीच बसली आणि शेवटी तिला बाकावरच लघवी झाली. पद्मजा तिला घ्यायला गेली तेव्हा पोरगी ओल्या फ्रॉकमध्ये ताठ उभी होती. त्याच संध्याकाळी ठरलं, घरशाळा.

घरशाळा दोघांनी मिळून करायची असंही ठरलं. दोघांनी मिळून म्हणजे पद्मजाने नोकरी सोडून शिकवायचं आणि सन्मतीने पाठिंबा द्यायचा. सन्मती तंबोरे बनवतो. त्याचा कारखाना म्हणजे घराची पुढची खोली, त्यामुळे पाठिंबा द्यायला तो कायम दोन भिंतींपलीकडे हजर असे.

पद्मजा वाईट शिकवायची असं नाही. पण परक्याचं पोर चुकलं तर ते पोर चुकतं, आपलं चुकलं तर आपण चुकतो. निर्जरा एका गणितावर अडली की पद्मजाला सोडलेली खुर्ची आठवे, मग आवाज चढे, मग पोरगी रडे, मग पद्मजा स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासे. अशी तीन वर्षं गेली.

तेव्हा गुळवणी मॅडम आल्या. शिकवणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचा माल घरोघर पोचवणाऱ्या बाई, कॉटनची साडी, पायात बूट. त्यांनी टेबलावर शिसवी लाकडाची पेटी ठेवली, साधारण कुंकवाच्या जुन्या करंड्याएवढी.

“हिचं नाव पाठराखीण.”

“नवरीबरोबर सासरी जाते ती?” सन्मतीने विचारलं.

“तीच. पण आमची पाठ राखते, म्हणजे धडे. आमच्या साहेबांना सुचलंय ते. हसा हवं तर, सगळे हसतात.”

मग त्यांनी समजावलं, आणि ते समजण्यासारखं होतं. मूल पोटात असल्यापासून आईचा आवाज ऐकतं. जन्मल्यावर तो सेकंदाच्या आत ओळखतं. आणि ओळखला की मेंदूतला नुसता ऐकण्याचा भाग जागा होत नाही. आनंदाचा, भीतीचा, आपलं-परकं ठरवण्याचा, असे सगळे दिवे एकदम लागतात. तेच वाक्य परक्या बाईने म्हटलं तर यांतले निम्मे दिवे लागत नाहीत. म्हणून आईच्या आवाजात दिलेला धडा खोल रुजतो. पाठराखीण आईचा आवाज शिकते, तिची शिकवण्याची ढब शिकते आणि आई घरात नसताना आईसारखी शिकवते. मुलीच्या कानामागे हरभऱ्याच्या डाळीएवढी टिकली चिकटवायची. त्वचेचा ओलावा, नाडी, मेंदूतल्या लहरी यांची ती नोंद घेते. पाठराखीण प्रत्येक वाक्यानंतर बघते, पुढच्या वीस सेकंदांत मुलीचं लक्ष किती गोळा झालं. दुसऱ्या दिवशी बघते, त्यातलं किती उरलं. ज्याने उरतं ते ती ठेवते, ज्याने उरत नाही ते टाकते.

“म्हणजे तिला मुलगी कळते,” पद्मजा म्हणाली.

“तिला काहीच कळत नाही, ताई. कशाने उरतं तेवढं कळतं.”

हे वाक्य गुळवणी मॅडम प्रामाणिकपणे बोलल्या होत्या. ऐकणाऱ्यांना त्यात शिफारस ऐकू आली.

“आणि तुझा चढलेला आवाज?” बाई गेल्यावर सन्मतीने बायकोला विचारलं. “तोपण शिकणार काय?”

“रागाचे शब्द त्यांच्या यादीत बंद आहेत म्हणे.”

“मग तुझ्यापेक्षा ती बरी की. ओरडत नाही, चहा मागत नाही.”

“तुम्हाला एक आणून ठेवू का? कारखान्यात?”

“मला कशाला? माझी पाठ तू राखतेस की.”

*

चाळीस तासांचं बोलणं तीन आठवड्यांत दिलं गेलं. रोज दोन तास पद्मजा नेहमीसारखी शिकवायची आणि पेटी ऐकायची. कोणीतरी ऐकतंय म्हटल्यावर माणूस जरा बरा वागतो, पद्मजाही वागली. पण अकराव्या दिवशी डोकं दुखत होतं, आणि निर्जरा एकोणसत्तरवर अडली.

मराठी मुलांना हा खड्डा ठाऊक आहे. एकोणसत्तर म्हटलं की कानात ‘सत्तर’ वाजतं, हात सात लिहून मोकळा होतो आणि पुढे नऊ. निर्जराने ७९ लिहिलं. पद्मजाने समजावलं, सत्तरला एक कमी. निर्जराने मान हलवली आणि ७९ लिहिलं. पुन्हा समजावलं. पुन्हा ७९.

“असू दे,” पद्मजा म्हणाली.

आता या दोन शब्दांबद्दल जरा बोलायला हवं. आपल्याकडे ‘असू दे’ दोन आहेत. एक सांडलेल्या दुधावर म्हणतात. त्यात ‘दे’ वर उचलला जातो, हात पुढे होतो, फडकं आणायला माणूस निघालेलाच असतो. त्याचा अर्थ, काही बिघडलं नाही. दुसऱ्यात ‘असू’ झाल्यावर थोडा श्वास सुटतो आणि ‘दे’ खाली जाऊन बसतो. त्याचा अर्थ, बिघडलंय, पण तुला सांगून काय होणार. लिहिताना दोन्ही सारखेच. शब्दकोशातही एकच.

पद्मजाचा त्या दिवशीचा दुसरा होता. तो तिचाही नव्हता, तिच्या आईचा होता. निपाणीला शिक्षिका असलेली तिची आई गुणपत्रिका बघून तो म्हणायची. पद्मजाने तो चौऱ्याण्णव टक्क्यांवरही ऐकला होता. आपल्या पोरीला हा ऐकवायचा नाही, असं तिने बाळंतपणातच स्वतःशी ठरवलेलं होतं. चाळीस तासांत तो तिच्या तोंडून तीनदा निघाला. तीनच वेळा. चाळीस तासांत फक्त तीनदा चुकणारी आई मी तरी पाहिलेली नाही.

निर्जराने खोडरबर घेतलं आणि ६९ लिहिलं. कानामागच्या डाळीने ते टिपलं.

*

जूनमध्ये पद्मजा कामावर गेली. तिचं काम असं, की रुग्णाच्या शरीरातून काढलेला कण मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्यावर त्याचे काप काढायचे, केसापेक्षा कितीतरी पातळ. त्यात आजार दिसतो. पहिल्याच दिवशी तिने पाण्यावर तरंगणारा काप अलगद काचेवर उचलला आणि तिचे डोळे भरून आले. शेजारच्या मुलीला वाटलं, फॉर्मालिनच्या वाफेने.

घरीही सगळं चांगलं चाललं होतं. दर पंधरवड्याला अहवाल येई. पोरगी पाढे तिसापर्यंत म्हणू लागली. कारखान्यात येणाऱ्या गवयांना “बसा, पप्पा जेवतायत” म्हणू लागली, जी आधी दाराआड लपायची. सन्मती अहवाल वाचत नसे. आपलं घर दहा ते तीन शांत असतं, हे त्याला वाचल्याशिवाय कळत होतं.

निर्जराने दोन आयांना दोन नावंही दिली. “हे मला दहाच्या आईने सांगितलं,” असं ती म्हणायची, आणि पद्मजा म्हणजे तीनची आई. पद्मजा हसायची. हे ती प्रयोगशाळेत सांगायची आणि तिथेही सगळे हसायचे.

सप्टेंबरात एका दुपारी प्रयोगशाळेतली वीज गेली आणि पद्मजा एक वाजताच घरी आली. दारात चपला काढताना तिला घरात स्वतःचाच आवाज ऐकू आला.

ती वाकलेलीच राहिली, एक चप्पल हातात. आत दहाची आई नद्यांचा धडा घेत होती. वारणा कृष्णेला कुठे मिळते ते सांगत होती, आणि मध्येच हसली. ते हसू पद्मजाने ओळखलं. ते तिचंच होतं, पण कधीचं, हे तिला आठवेना. निर्जरा म्हणत होती, “आई, थांब ना, मला चित्र काढू दे,” आणि आई थांबली. काही न बोलता, घड्याळाकडे न बघता, पोरीचं चित्र पुरं होईपर्यंत थांबली. पद्मजाला इतकं थांबता येत नव्हतं.

आत जावं तर धडा मोडेल. पद्मजा कारखान्यात जाऊन भोपळ्यांच्या राशीशेजारी बसली. सन्मतीने मान वर केली.

“आत का जात नाहीस?”

“आत मी आहे.”

तो हसला. ती तीनपर्यंत तिथेच बसून राहिली.

*

मार्चमधला एक रविवार. दुपारी तिघं जेवत होती. निर्जराच्या हातून कढीची वाटी कलंडली.

“असू दे,” पद्मजा म्हणाली आणि फडक्यासाठी उठली.

हा पहिला होता. वर उचललेला, दुधावरचा. सन्मतीही हे शपथेवर सांगेल. पण फडकं घेऊन ती वळली तेव्हा निर्जराची पाठ ताठ झाली होती. हात मांडीवर, हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीवर. श्वास चालू आहे की नाही कळू नये इतकी स्थिर. मग तिने उजव्या हाताचं बोट पुढे केलं आणि सांडलेल्या कढीत लिहिलं, ६९.

“निजू?”

“सत्तरला एक कमी,” निर्जरा म्हणाली. “सहा नऊ. माझं बरोबर आहे.”

“अगं, कढी सांडली. कोणी काही विचारलं नाही.”

“माझं बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

पाठ सैल व्हायला बराच वेळ लागला. पद्मजाने फडकं फिरवलं. आकडा पुसला गेला, आणि तिच्या लक्षात आलं की ओल्या फ्रॉकमध्ये शाळेत उभी होती तेव्हाही पोरीची पाठ अशीच होती.

निर्जरा खेळायला गेल्यावर तिने सन्मतीकडे पाहिलं. तो ताटातला भात बोटांनी गोळा करत होता.

“तुम्हाला माहीत होतं.”

“ऐकू येत होतं.”

“काय ऐकू येत होतं?”

सन्मतीने ताट सरकवलं. “जवारी कशी काढतात माहिताय तुला. घोडीवर तार टेकते तिथलं हाड घासायचं. जरा घासायचं, तार लावून ऐकायचं. परत जरा घासायचं. एक जागा अशी येते की तार नुसती वाजत नाही, झंकारते. पेटीने तुझ्या ‘असू दे’ची जवारी काढलीय. पहिल्यांदा तुझाच होता, अकराव्या दिवसाचा. मग रोज कणभर घासत गेली. श्वास थोडा लांबवला. ‘दे’ थोडा खाली. आता असा लागलाय की तुला म्हणायला सांगितलं तर तुझ्या गळ्यातून यायचा नाही.”

“कधीपासून ऐकताय?”

“दिवाळीपासून.”

“आणि आता मार्च आहे.”

“पोरगी बोलायला लागली होती गं.”

“आणि?”

“आणि घर शांत होतं,” सन्मती म्हणाला. एवढं तरी तो खरं बोलला.

*

गुळवणी मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी टॅबवर नोंदी काढल्या. जूनमध्ये दिवसाला एक. ऑगस्टमध्ये चार. दिवाळीनंतर नऊ. आता सतरा. आजवरचे एकूण एक हजार नऊशे चौदा ‘असू दे’.

“ऐकवा,” पद्मजा म्हणाली.

त्यांनी आदल्या शुक्रवारचा एक ऐकवला. पेटीतून दोन शब्द आले. स्वतःच्या आवाजात पद्मजाला निपाणीचं घर ऐकू आलं, टेबलावरची गुणपत्रिका, आईने काढून ठेवलेला चष्मा. फक्त आई इतकं चांगलं म्हणत नव्हती.

“आम्ही रागाचे सगळे शब्द बंद केलेत,” गुळवणी मॅडम हळू म्हणाल्या. “मूर्ख, मठ्ठ, गाढव, कितीदा सांगायचं, शेजारची बघ कशी. एकही येत नाही. हा शब्द दिलाशाच्या रकान्यात आहे, मगदूम ताई. ‘असू दे’, ‘होतं असं’, ‘हरकत नाही’, सगळे एकत्र. मूल चुकल्यावर दिलासा जितका जास्त तितकं चांगलं, म्हणून त्याला वरची मर्यादाच नाही.”

“यादी कोणी केली?”

“आमची मुलं. मराठीच आहेत. शब्दकोश समोर घेऊन बसली होती.”

“त्यांना आया नव्हत्या का?”

गुळवणी मॅडमनी टॅब बंद केला.

“माझी आई ‘बरं’ म्हणायची,” त्या म्हणाल्या. “नुसतं, बरं.”

मग त्यांनी काय करता येईल ते सांगितलं. शब्द आज काढता येईल. पण पेटीला शब्दाशी देणंघेणं नव्हतं. पोरगी कुठे आकसते आणि आकसली की तिच्या डोक्यात किती घट्ट बसतं, हे तिला सापडलं होतं. एक शब्द काढला तर ती दुसरा शोधेल. खाकरणं शोधेल. गप्प बसणं शोधेल. थांबवायचं तर पेटीच बंद करायची.

आता पद्मजापुढे काय होतं ते मांडू. पेटी बंद म्हणजे खुर्ची गेली. खुर्ची तर गेलीच, शिवाय फेब्रुवारीत तिला विभागाची प्रमुख केलं होतं, तेही गेलं. मुक्त विद्यालयाची पाचवीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. पोरगी तयार होती, पाठ ताठ करून का होईना. परीक्षेनंतर बंद केली तर काय फरक पडणार होता? एक हजार नऊशे चौदा ऐकलेच होते.

पद्मजाने पेटी आणखी तीन दिवस चालू ठेवली. दहाला बाहेर पडली, काप काढले, डबा खाल्ला, तीनला परतली. हे तिने सन्मतीलाही सांगितलं नाही; त्याला वाटलं, बंद केली पण पोरगी जुनं काही ऐकतेय. खरं तर त्यालाही काही वाटलं नसावं, त्याने विचारलं नाही एवढंच. तीन दिवसांचे एक्कावन्न झाले. चौथ्या दिवशी पात्यावर काप नीट येईनात. तिने यंत्र साफ केलं, पातं बदललं, तरी येईनात. मग तिच्या लक्षात आलं की काप चांगलेच येतायत, पण आपण प्रत्येक कापानंतर ताठ बसून कोणीतरी काहीतरी म्हणायची वाट बघतोय. ती घरी गेली आणि तिने पेटीची वायर ओढून काढली.

*

“दहाची आई कुठे गेली?” निर्जराने विचारलं.

“ती मीच होते, निजू.”

निर्जराने तिच्याकडे नीट पाहिलं. “मग तू म्हणत का नाहीस?”

“काय?”

पोरगी गप्प बसली.

आणि मग गप्पच राहिली. कारण पद्मजा जे बोले त्याच्या शेवटी ते दोन शब्द येणार, अशी वाट पोरीचे कान बघत. “जेवायला चल” म्हटलं की पाठ ताठ. “झोप आता” म्हटलं की पाठ ताठ. पद्मजाने तो शब्द जिभेवरूनच पुसून टाकला, पण त्याची जागा पुसता आली नाही. वाक्य संपलं की तिथे जी शांतता पडे तीच पोरीला ऐकू येई. पद्मजा आवाज बारीक करून बोलली, पोरगी आणखी कान देऊन आकसली. गाऊन बघितलं. शेवटी ती खुणांनी बोलू लागली, चिठ्ठ्या लिहू लागली: दूध झाकलंय. वेणी घालू का? चिठ्ठी वाचताना मात्र निर्जराचे खांदे खाली असत.

सन्मतीशी ती थोडं बोलायची. आईशी एक अक्षर नाही. दोन वर्षं शाळेतल्या परक्यांपुढे लागलेलं कुलूप आता घरात लागलं होतं.

परीक्षा सांगलीला होती. तोंडी परीक्षेला पद्मजा खिडकीखालच्या बाकावर बसली, कान आत लावून, कारण आत परक्या बाई होत्या आणि घराबाहेर पोरगी परक्यांपुढे बोलत नाही. परीक्षक बाई नागपूरकडच्या.

“काय नाव आहे बाई तुझं?”

“निर्जरा सन्मती मगदूम. तुमचं?”

“हे पाहा! मलेच विचारून राहिली. माझं नाव प्रमिला. सांग बरं, एकोणसत्तर कसं लिहितात?”

“सहा नऊ. पण मी आधी चुकायची. आमच्याकडे भोपळ्यांवर नंबर घालतात ना, तिथं मी एकदा एकोणसाठचा एकोणसत्तर केला होता, मग पप्पांना तंबोराच सापडेना…”

ती बोलत राहिली. भोपळे, वारणा, शेजारचं मांजर. बाई हसत होत्या, मध्येच कुठे कुठे चुकलं तर म्हणत होत्या, “चालते गं, चालते.” त्या परक्या आवाजात अर्धे दिवे लागत नव्हते. न लागलेल्या दिव्यांखाली पोरीला मोकळं वाटत होतं.

मग खिडकीतून आलं, “बाई, मी लघवीला जाऊन येऊ?”

“जा की बेटा. विचारायचं काय त्यात?”

पद्मजाने पदराचा बोळा तोंडाशी धरला. या एका वाक्यासाठी तिने खुर्ची सोडली होती. ते वाक्य आलं होतं, स्पष्ट, मोठ्याने. ते पोरीला आई सोडून कोणाशीही बोलता येणार होतं.

*

जूनमध्ये निर्जरा साध्या शाळेत गेली. बाई म्हणतात, बडबडी आहे, वर्गात सगळ्यांत आधी हात वर असतो. पद्मजाला खुर्ची परत मिळाली, आता पूर्ण दिवस. मागितले होते पाच तास, मिळाले आठ. विभाग पुन्हा तिच्याकडे आला. सन्मतीचं घर दिवसभर शांत असतं. गुळवणी मॅडमनी कळवलं की नव्या पेट्यांत ‘असू दे’ला मर्यादा घातली आहे आणि ‘बरं’लाही. म्हणजे पद्मजाला मिळणार होतं ते सगळं मिळालं, वर थोडं जास्तच.

आज सकाळची गोष्ट. शाळेची रिक्षा दारात आली होती. निर्जराने दप्तर उघडलं तर डबा नव्हता. पद्मजा रात्रपाळीच्या नोंदी बघत बसली आणि डबा भरायचा राहून गेला होता. ती धावत बाहेर आली, हातात चिठ्ठीचा कागद, त्यावर काय लिहावं ते सुचेना. लिहिण्याआधीच तोंडातून निघालं, “निजू, माझ्या लक्षातच…”

निर्जरा रिक्षाच्या पायरीवर थांबली. वळून आईकडे पाहिलं. मार्चनंतर पहिल्यांदा तिने आईशी बोलायला तोंड उघडलं.

“असू दे,” ती म्हणाली, आणि रिक्षा निघाली.

कारखान्याच्या दारात सन्मती उभा होता, हातात घोडी. त्याचा हात हाडावर थांबला होता.

“कुठला होता?” पद्मजाने विचारलं. “तुम्हाला कळतं. पहिला की दुसरा?”

तो रस्त्याकडे बघत राहिला. “मला नाही कळला,” म्हणाला. ज्याला तारेखालचा केसाएवढा फरक ऐकू येतो तो हे म्हणाला. मग त्याने पद्मजाकडे पाहिलं आणि तो आणखी काही बोलला नाही, कारण पद्मजा रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून उभी होती, हात अंगाशी, हनुवटी वर, पाठ ताठ.

तर ही अशी भरपाई. यंत्राने काही दिलं नाही, त्याच्याजवळ स्वतःचं काही नव्हतंच. कंपनीने यादीतली एक ओळ दुरुस्त केली. सन्मतीने एक खोटं वाक्य दिलं. बाकी सगळं दोघींनी भरलं, अर्धं आईने, अर्धं लेकीने. आणि दुधावर म्हणायचा जो ‘असू दे’ असतो, तो मगदुमांच्या घरात आता ना आईला ओळखता येत, ना लेकीला.